सतरा नंबरच्या प्लॉटात लव्हाळ्याशी जाहली लढाई, तिची खरी हकीकत

तण मारण्यासाठी प्लॉटावर अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या जाड कापडाला मधोमध एक भोक पडले होते, सुईच्या नेढ्याहून किंचित मोठे, आणि त्यातून लव्हाळ्याचा एक कोंब अडीच बोटे वर आला होता. कोंबाचे टोक शाबूत, कुठे खरचटल्याची खूण नाही. कापडाखाली काहीही जगत नाही, असे विकणाऱ्याने छातीठोक सांगितले होते आणि ते खरेच निघाले. लव्हाळा कापडाखाली जगत नव्हता, वर जगत होता.

हे वर्तमान सोमवारी सकाळी पावणेसातास हुजुरांच्या, म्हणजे प्लॉटाचे धनी दादासाहेब यांच्या, नजरेस आले आणि तेथून जे युद्ध पेटले, त्याची हकीकत कोणाची भीड न धरता आणि मोजमापात कसूर न करता लिहिली, ती येणेप्रमाणे.

बागेच्या सोसायटीतील प्लॉट नंबर सतरा, लांबी दहा पावले, रुंदी सहा, हा मुलूख वडिलांच्या पश्चात थोरले चिरंजीव म्हणून श्रीमंत दादासाहेबांच्या नावे चालत आला होता. दादासाहेब जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, नजर मोठी, आवाज त्याहून मोठा. अकरा वर्षांत त्यांनी प्लॉटाचे सात नकाशे काढले आणि एक वांगे काढले नाही. त्यांच्याच घरी राहणाऱ्या त्यांच्या भगिनी, वय वर्षे एकसष्ट, चौतीस वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या पेशी मोजून निवृत्त झालेल्या, त्यांचा घरातला किताब 'छोटी'. प्लॉटाची सत्ता दादासाहेबांकडे आणि पाणी घालणे, खत वाहणे, शेजाऱ्यांची माफी मागणे ही किरकोळ खाती छोटीकडे नामजाद होती. दर साली सोसायटीचा फॉर्म येई, त्यात 'प्लॉट कोणाच्या नावे' अशी ओळ असे, आणि छोटी तो दादासाहेबांच्या ताटाशेजारी ठेवी, आणि दादासाहेब 'बघू' असे फर्मान काढीत, आणि मग छोटीच्या ओठांवर आलेले वाक्य आमटीबरोबर गिळले जाई. ऐसी अकरा साले लोटली.

त्याच सोमवारी सोसायटीचे पत्र दाखल जाहले, की पंधरा दिवसांनी पाहणी होईल आणि निम्मा प्लॉट तणमुक्त न दिसल्यास तो वेटिंग लिस्टवरील पहिल्या गृहस्थांस, म्हणजे दातांच्या डॉक्टरांस, बहाल होईल. डॉक्टर असे हुशार की त्यांनी बसायचा बाक आधीच कुंपणाशी आणून ठेवला होता. आणि इकडे घरी जेवणघराच्या खिडकीत, दह्याच्या रिकाम्या डब्यांत, छोटीने बियांपासून वाढवलेली टोमॅटोची अठ्ठेचाळीस रोपे जमिनीची वाट पाहत उभी होती. मागल्या साली चव्वेचाळीस होती. ती डब्यांतच पिवळी पडून गेली, आणि छोटीने डबे धुऊन पुसून पुन्हा मांडले.

सबब जेवणाच्या टेबलाशी खलबत बसले. दादासाहेबांची मसलत अशी, की नांगरणीचे यंत्र भाड्याने आणून गनिमाचा एका दिवसात तसनस करावा. तेव्हा छोटीने उकरून आणलेला एक लव्हाळा बशीत ठेवून अर्ज गुजारला, की एका दोऱ्यावर या पाच गाठी आहेत, आणि वरची जागी असेतो खालच्या झोपून राहतात, आणि यंत्राने दोरा तुटला की पाचही जाग्या होतील, आणि मग एकाचे पाच होतील.

"छोटे, ही लॅब नाही," हुजुरांनी फर्मावले. "जमीन हा माझा विषय आहे. आणि बशी उचल, मला चहा ओतायचाय."

मग गुरुवारी कापड गुंडाळले गेले आणि यंत्र आले, आणि दादासाहेब टोपी व बूट चढवून खासे रणात उतरले, आणि यंत्र सुरू होताच ते यंत्रामागे न जाता यंत्र त्यांना घेऊन निघाले, आणि कुंपण ओलांडून शेजारील सोळा नंबरात शिरले. तो मुलूख बसवर तीस वर्षे काढलेल्या ड्रायव्हरकाकांचा. तेथे कोबीचे तीन गड्डे कामी आले.

"दादा, ब्रेक कुठाय ते तरी विचारायचं होतं!" काका ओरडले. "माझ्या गाडीत असता तर मध्येच उतरवला असता!"

सायंकाळी सतरा नंबर तांबूस, भुसभुशीत आणि निर्मळ दिसू लागला, आणि दादासाहेबांनी विजय जाहीर करून आठवा नकाशा काढला.

पाचव्या दिवशी गनीम परतला. छोटीने जमिनीवर चार काठ्यांचा चौकोन मांडून मोजले. यंत्रापूर्वी त्याच जागी नऊ कोंब होते, आता एकेचाळीस.

"पीक जोमात आहे हो दादा," कुंपणापलीकडून आवाज आला. "काढणी कधी?"

हुजुरांची कंबर त्याच दुपारी धरली आणि ते अंथरुणास खिळले. बहाणा म्हणावा, तर कंबर खरोखर धरली होती.

पाहणीस सात दिवस उरले. छोटीने काकांकडून लांब दातांचा काटा मागून घेतला आणि घरची पिठाची मोठी चाळण बगलेत मारली, आणि कुंपणाच्या कोपऱ्यापासून एक एक वीत माती उकरून, चाळून, गाठी वेचून बादलीत टाकू लागली, आणि बादलीगणिक आकडा सातव्या नकाशाच्या पाठीवर लिहू लागली. चौथ्या दिवशी दादासाहेब खुर्चीसह रणभूमीवर दाखल होऊन सूचना देते जाहले. छोटीने मान वर केली नाही. तासाभराने सूचना आटल्या, आणि मग हुजूर म्हणाले, "चाळण हलवू का?"

दादासाहेबांच्या समग्र कारकिर्दीत प्रश्नचिन्हाने संपलेले हे पहिले वाक्य होय.

सोमवारी सेक्रेटरीबाई पाहणीस आल्या. टेप दादासाहेबांनी धरली, आणि मोजणीत त्यांचा हात आजही कोणी धरू शकत नाही. साठ चौरस पावलांपैकी एकतीस साफ भरली. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी रुजू करतो. गनिमाकडील कैद झाल्या गाठी तीन हजार नऊशे बारा. आपल्याकडील खर्ची पडले कोबीचे गड्डे तीन, हातमोज्यांचे जोड दोन, कंबर एक आणि चाळण, जिला स्वयंपाकघरात पुन्हा प्रवेश नाही. उरलेल्या एकोणतीस पावलांत गनीम सुखरूप नांदत आहे, परंतु विजयाच्या हकीकतीत असले तपशील लिहिण्याचा रिवाज नाही. दातांच्या डॉक्टरांनी बाक उचलून नेला.

मग बाईंनी फॉर्म काढला, पेन उघडले आणि विचारले, "पुढच्या वर्षी कोणाच्या नावे?"

दादासाहेबांनी ओठ मिटले. 'बघू' निघण्यापूर्वी ते नेहमी मिटतात. छोटीने चाळण खाली ठेवली आणि हात साडीला पुसले.

"माझ्या," ती म्हणाली. "आणि पूर्ण नाव लिहा. छोटी नको."