प्लॅटिनम पाहुण्याची बायको

हॉटेलच्या कार्डांबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. उगाच इकडेतिकडे चौकशी करून फसू नका. हॉटेलांची कुठली चेन मुक्कामाच्या रात्री मोजते, कुठली बिल मोजते, कुठे गोल्डवाल्याला नाश्ता फुकट आणि कुठे नुसती पाण्याची बाटली, हे सगळं मला तोंडपाठ आहे. एका चेनमध्ये पॉइंट वर्षभरात मरतात. दुसरीत मरत नाहीत, पण वापरायला गेलं की खोलीच शिल्लक नसते. तिसरी माझी. तिथे मी प्लॅटिनम आहे! ऑफिसात मला प्लॅटिनमशेट म्हणतात आणि मी ते अजिबात मनाला लावून घेत नाही.

माझं काम छपाईची यंत्रं दुरुस्त करण्याचं. यंत्र बंद पडेल त्या गावाला जायचं, शुक्रवारी परतायचं आणि शनिवार-रविवार झोपून काढायचे. तर एक दिवस साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "फिरणं पुरे झालं. आता ऑफिसात बसा आणि पोरांना फोनवरून सांगा काय उघडायचं ते. सोमवारी कळवा."

घरी सांगितलं तर बायको इस्त्री करत होती. "यात कळवायचं काय? हो म्हणून टाका."

"अगं, पण प्लॅटिनम जाईल. रात्री भरल्या नाहीत की आधी गोल्ड, मग सिल्व्हर. मग मला कोण विचारतंय?"

"मी विचारते ना," ती म्हणाली आणि शर्टाची कॉलर उलटी केली.

तिला कळतच नव्हतं. खरं सांगू? घरच्या कुणीतरी एकदा बघावं, आपल्यालाही कुठेतरी मान आहे, एवढंच मला हवं होतं. मुलगी शिकायला परगावी. राहिली ही. मी म्हटलं, "या शनिवारी माझ्याबरोबर चल. पॉइंटांवर सुइट मिळवतो. बघ मला कसं वागवतात, आणि मग तू म्हणशील ते सोमवारी कळवतो."

"मी म्हणेन ते?"

"तू म्हणशील ते."

हॉटेलपाशी पोहोचलो. ती टॅक्सीवाल्याचे पैसे देत मागे राहिली आणि मी उत्साहाच्या भरात पुढे धावलो. काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली. "या सर. नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच," मी ऐटीत म्हणालो. इथेच माझी माती झाली. कारण मोबाइलवर बुकिंग करताना 'पाहुणे' या चौकटीत माझ्या बोटानं सवयीनं 'एक' दाबलं होतं.

बायको थेट लिफ्टपाशी येऊन मिळाली, आम्ही वर गेलो आणि खोलीचं दार उघडलं. सुइट कसला, कोपऱ्यातली चिंचोळी खोली. एक पलंग, एक उशी, एक टॉवेल, एक कप. मी तणतणत खाली फोन लावला. "माझ्या सुइटचं काय झालं?"

"सर, होता की. पण मागे तुम्हीच म्हणाला होतात, मोठ्या खोलीत झोप लागत नाही, फार रिकामं वाटतं. म्हणून मी मुद्दाम लहान ठेवली. सुइट दुसऱ्यांना दिला."

मी फोन ठेवला. "प्लॅटिनमवाल्यांची काळजी घेतात बघ," मी म्हणालो. टॉवेल माझ्या हातात देऊन बायको आपल्यासाठी दुसरा आणायला खाली गेली. मी आंघोळीला शिरलो.

बाहेर आलो तरी बाई परतलेल्या नाहीत. मोबाइलवर तिचे ढीगभर मिस्ड कॉल. तसाच हॉटेलच्या झग्यात खाली पळालो. लॉबीतल्या सोफ्यावर ती मांडीवर टॉवेल घेऊन बसली होती आणि शेजारी सुरक्षारक्षक पहारा देत होता. मॅनेजर लगबगीनं पुढे आले.

"सर, निश्चिंत राहा. बाईंना वर सोडलेलं नाही."

"अहो, ती माझी बायको आहे!"

"हो सर, त्याही तसंच म्हणत होत्या."

आता यांना काय सांगावं? आमच्या विक्री विभागातला एक चिकट गृहस्थ या हॉटेलात उतरला की रोज माझ्या खोलीत येऊन रडगाणं गायचा. वैतागून मीच बजावलं होतं, की माझा नातेवाईक म्हणून कुणीही आलं, सख्खा भाऊ म्हणाला तरी वर सोडायचं नाही. माणसं शब्दाला जागली होती.

"माफ करा वहिनी," मॅनेजर ओशाळले. "पण सर इथे रोज संध्याकाळी काउंटरपाशी गप्पा मारत उभे असतात. कुठल्या चेनचे पॉइंट चांगले, नाश्ता कुठे बरा, तासन्‌तास. घरी कुणी आहे, हे कधी बोललेच नाहीत."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मला झग्याची लाज वाटत होती, आता माझीच वाटायला लागली.

जेवायला बसलो तर वेटरनं मला भिंतीकडच्या टेबलावर नेलं आणि समोरची खुर्ची सवयीनं उचलून पलीकडे दिली. ही उभीच! धावपळ करून खुर्ची परत आणली. ती बसली आणि तिनं त्या भिंतीकडे पाहिलं.

"रोज इथेच जेवता?"

"हो. शांत असतं."

"मग जेवण झाल्यावर?"

"काउंटरपाशी जातो जरा."

"मला का नाही फोन करत?"

"तू कामात असशील असं वाटतं."

"आणि मला वाटतं तुम्ही कामात असाल." तिनं आपल्या ताटातलं थोडं माझ्या ताटात वाढलं. "या वर्षी इथे किती रात्री झाल्या, ते तुम्हाला झोपेतसुद्धा सांगता येईल. घरी किती झाल्या?"

तीन चेनचे नियम तोंडपाठ असणारा मी बोटांवर मोजायला लागलो. मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते कुणाला विचारावं हेही कळेना.

"सोमवारी हो म्हणा," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

पुढच्या महिन्यात ऑफिसात बसायचा पहिला दिवस आला. संध्याकाळी उजेड असताना घरी निघालो, हे मलाच नवीन होतं. जिना चढून बेल वाजवली. दार बंद. खिसे चाचपले तर तीन हॉटेलांची कार्डं निघाली, घराची किल्ली नाही. ती मला कधी लागलीच नव्हती. बायकोला फोन लावला.

"अहो, मी नाटकाच्या तालमीला आलेय. सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"शनिवारी. तुम्ही झोपला होतात." मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं आणि ती हसत होती. मला ते हसणं ओळखीचं वाटेना. "किल्ली समोरच्या वहिनींकडे आहे. त्यांना फोन द्या, मी सांगते."

समोरच्या वहिनी मागच्या वर्षी राहायला आलेल्या. त्यांनी साखळी न काढता फटीतून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"मी इथलाच. समोरचा."

"समोर तर बाई एकट्याच राहतात."

मी फटीतून फोन आत दिला. बायकोचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "अहो वहिनी, आमचे हेच ते. चष्मा आहे, थोडं टक्कल आहे, आणि हातात चाकांची मोठी बॅग असेल बघा, ती असतेच."

वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बॅग नाहीये हो," त्या म्हणाल्या, फोन माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.