नफ्तालीचा कडू काढा

सेंतानी तळ्याच्या काठावर, सगळ्यांदेखत, नफ्तालीने जाहीर करून टाकलं होतं, "निळा मणी मिळेपर्यंत पोर नाही! काय करायचं ते करा!"

बायकोच्या, योकबेथच्या, माहेरी, म्हणजे मामाकडे, वधूमूल्य म्हणून द्यायचं ते सगळं देऊन झालं होतं. डुकरं, दगडी कुऱ्हाड, पिवळे मणी. पणजोबांच्या काळचा एक निळा काचमणी तेवढा द्यायचा राहिला होता. तो पोचण्याआधी पोर झालं, तर ते योकबेथच्या मामाच्या कुळाचं! म्हणून तर बार्नाबास मामा दर रविवारी प्रार्थना आटोपली की होडी वल्हवत यायचा आणि भाचीच्या पोटाकडे बघायचा. कोळी गळाकडे बघतो तसा!

नफ्ताली निवांत. परसात गंधरुसाची झुडपं होती. आजोबांची रीत होती: बायकोने पाला उकळायचा, पुरुषाने तो काढा रोज सकाळी प्यायचा, पाळणा हलत नाही. कडू इतका, की तोंड वाकडं होऊन कानाला लागावं! पण गडी छाती काढून प्यायचा.

आणि मग तो रविवार.

(इथून पुढचं नफ्तालीच्या हातात नव्हतं.)

तो जाळी काढायला गेलेला. मामा आला, सोबत दोन भाऊ. नफ्तालीच्या आईने चुलीवर जे गरम दिसलं त्यात साखर घालून पुढे केलं. पाहुण्याने 'हे काय?' असं विचारायचं नसतं. तिघांनी विचारलं नाही. किटली रिकामी!

"मामा, काय पिताय?" नफ्ताली दारातच थिजला.

"चहा! झकास कडू! आहे का अजून?"

"तो चहा नाही. माझा काढा आहे. पोर न होण्याचा."

मामाच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. "अरे मेल्या! विधुर माणूस मी! पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं!"

धाकटा भाऊ उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "दादा, मला आत्ताच काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतंय!"

आजोबा सांगायचे, एका पेल्याने काही होत नाही. रोज घ्यावा लागतो, सोडला की सगळं मूळपदावर, आणि मर्दपणाला धक्कासुद्धा नाही. नफ्तालीला हे पाठ होतं. बोलला? छे!

"उतारा आहे."

"दे!"

"निळा मणी सोडा."

"लुच्च्या!"

"मग करा लग्न."

"सोडला! सोडला! विहीणबाई साक्षीला आहेत!"

उतारा म्हणजे घरातलं रोजचंच जेवण: मासळीचा पिवळा रस्सा आणि सागूची खळ. तिघांनी वाडगे चाटून लख्ख केले आणि होडी अशी पळवली, जणू मागे मगर लागलीय!

"पुन्हा या मामा!" नफ्ताली ओरडला. "चहाला!"

योकबेथ मागे येऊन उभी राहिली. "मणी नक्की सुटला?"

"सुटला! आईसमोर!"

"मग सांगते. मला दिवस गेलेत."

"काय? अगं, रोज सकाळी काढा पितोय मी!"

"पपईची पानं पितोयस. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. मूल मला हवं होतं. तू आणि मामा मण्यावरून म्हातारे होईपर्यंत मी काय तळ्यातली बदकं मोजत बसू?"

नफ्तालीने रिकामी किटली उचलली. हुंगली.

"उद्यापासून साधा चहा करू?" तिने विचारलं.

त्याने लांब जाणाऱ्या होडीकडे एकदा बघून घेतलं.

"कर," तो म्हणाला. "साखर जास्त घाल. आणि मामांना पपईचं सांगू नकोस!"