इंदूरची न उठणारी पंगत

प्लॅनिंग करावं तर मी! बऱ्हाणपूरहून इंदूरच्या बसमध्ये चढले तेव्हा माझ्या पिशवीत थर्मामीटर, ओआरएस, गोलूचे जादा कपडे, उकळलेलं पाणी आणि ते पाणी सांडलं तर दुसरं उकळलेलं पाणी होतं. कंडक्टरने विचारलंच, "मॅडम, इंदौर जा रहे हो की अमरनाथ?"

हसू दे त्याला! कारण गंभीर होतं. आमचा गोलू खात नाही. नाव गोलू, अंगाने अगरबत्ती! घास दिसला की दोन वर्षांचं हे कार्टं ओठ असे मिटतं, जणू दुकानाचं शटर पडलं. आमच्या लोधीपुऱ्यातल्या तमाम बायकांचे उपाय करून झाले. शेवटी इंदूरच्या मोठ्या बालरोगतज्ज्ञांकडे दुपारी चारचा नंबर मिळाला. हुकला तर पुढचा दिवाळीनंतर!

"आधी जेवून घेऊ," माझा नवरा दिगंबर म्हणाला. "मॉलमध्ये नवीन फूड हॉल झालाय. इटलीपासून जपानपर्यंत सगळं एका छताखाली!"

मी मनात म्हटलं, एवढे देश आहेत, एखाद्या देशाला तरी गोलू तोंड उघडेल!

सोबत सासूबाई होत्या. सोजरबाई, माहेर खकनारकडचं. त्यांच्या हातात खापरावर भाजलेल्या, पुरण भरलेल्या मांड्यांचा डबा. फूड हॉलच्या दारावरचा गार्ड म्हणाला, "बाहर का खाना अलाउड नहीं." मी ठोकून दिलं, "बच्चे का है!" त्याने डबा पाहिला, बच्चा पाहिला, आणि गोंधळून आम्हाला आत सोडलं.

आत भरदुपारी अंधार! छताला वांग्यांसारखे दिवे लटकलेले. मधोमध एक लांबलचक टेबल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून जेवतायत. सासूबाईंचा चेहरा खुलला. "हां! पंगत चांगली हाय वं!"

इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

दिगंबर तीन काउंटरवरून तीन गोल चकत्या घेऊन आला. जेवण तयार झालं की चकती थरथरते म्हणे. पहिली थरथरली, लाल लाइट मारत टेबलावर सरकायला लागली. "अगं बाई, पेटलं!" सासूबाई ओरडल्या आणि माझं उकळलेलं पाणी तिच्यावर ओतून मोकळ्या झाल्या. पुसापुशीत तिन्ही चकत्या एकमेकींत मिसळल्या; आता कुठली चकती कुठल्या देशाची? दिगंबर इटलीची चकती घेऊन जपानला गेला, जपानने त्याला चीनकडे पाठवलं!

अखेर जेवण आलं. गोलूपुढे पास्ता धरला, शटर! नूडल्स, शटर! मोमो, शटर! तीन वाजून गेले. मी हात पुसले. "चला आई, उठा."

"असं कसं उठू? पंगत जेवतेय ना."

"आई, ही पंगत नाही. बाहेरची माणसं आहेत!"

"बाहेरची हायेत तं काय झालं? समोरचा पोरगा घास घेतोय आन् मी उठून जाऊ? जेवणाऱ्याचा अपमान होतो. सगळ्यांचं झालं की उठायचं."

ठीक आहे, म्हटलं. समोर एकच तर पिझ्झावाला होता. त्याचा एकेक घास मी नजरेनेच गिळत होते. त्याने शेवटचा तुकडा खाल्ला, उठला... आणि त्या जागेवर दोन मुली भरलेले ट्रे घेऊन बसल्या! पलीकडचे काका उठले, तिथे अख्खं कुटुंब आलं. ही पंगत संपणार कधी?

मी मुलींकडे वाकले. "ज़रा जल्दी खाओगी, प्लीज़?"

"आंटी, सीट चाहिए?"

आंटी! मला! "नहीं, हमें उठना है!"

"तो उठ जाइए ना!"

"तुम खा लोगी, तब उठेंगे!"

दोघी एकमेकींकडे बघत आणखी हळू चावायला लागल्या.

तिकडे दिगंबर रिकाम्या खुर्च्यांसमोर हात पसरून उभा राहिला. "भाईसाहब, मत बैठो! आप बैठोगे तो मम्मी उठ नहीं पाएगी!"

मम्मी उठू शकत नाही, ही बातमी हॉलभर पसरली. मघाचा गार्ड धावत व्हीलचेअर घेऊन आला, मागोमाग मॅनेजर. "पेशंट कौन है?"

"हा काय, नातू," सासूबाईंनी बोट दाखवलं. गार्डने मुकाट्याने गोलूला व्हीलचेअरवर बसवलं.

"माताजी, तकलीफ़ क्या है?" मॅनेजरने विचारलं.

"तकलीफ काय नाय. तुम जेवले का?"

मॅनेजर गडबडला. "टाइम नहीं मिला, माताजी."

झालं! "उपाशी माणूस समोर उभा आन् आपण जेवायचं? बसो!" डबा उघडला. मॅनेजर बसला, गार्ड बसला. दोन पानं वाढली! मुलींना मांडा, त्या कुटुंबातल्या काकूंना मांडा, नको म्हणणाऱ्याला दोन. मुलींनी चिप्स पुढे केल्या, कुटुंबाने छोले. मी घड्याळाकडे बघत रडायच्या बेतात. "सर, मेरे बच्चे का डॉक्टर छूट जाएगा!"

मॅनेजरला दया आली. तोंडात मांडा असतानाच त्याने 'रिझर्व्ड'ची पाटी टेबलावर ठेवायला लावली. नवी माणसं थांबली. जुन्यांनी भराभर आवरलं. शेवटी मॅनेजरने ढेकर दिला आणि सासूबाई समाधानाने उठल्या. त्यांच्या मागे अख्खं टेबल उठलं!

मी व्हीलचेअरवरून गोलूला उचलला आणि जी पळाले ती थेट रिक्षात. चारच्या ठोक्याला डॉक्टरांसमोर!

"बताइए, क्या तकलीफ़ है?"

"डॉक्टरसाहब, बच्चा कुछ खाता ही नहीं!"

डॉक्टरांनी गोलूकडे पाहिलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. हनुवटीवर पुरण, कानावर छोले, मुठीत चिप्सचा चुरा, आणि पोट कलिंगडासारखं टम्म! माझी नजर घड्याळावर असताना हा व्हीलचेअरवरून अख्खी पंगत जेवला होता! डॉक्टरांनी पोटावर टिचकी मारली. गोलूने मॅनेजरपेक्षा मोठा ढेकर दिला.

डॉक्टरांनी पेन उघडलं. मग त्यांनी अपचनाचं औषध लिहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मैडम, बच्चे को थोड़ा कम खिलाया करो."

घरी येऊन आठवडा झाला, घास दिसला की पुन्हा शटर! डॉक्टरांचा हा सल्ला आमच्याकडे गोलू एकटाच काटेकोर पाळतोय!