सत्तर टक्क्यांवरचं पुस्तक

आमच्या शेजारच्या मारोतकाकांना "जेवलात का?" असं विचारलं, तर ते हो किंवा नाही म्हणत नाहीत. "साठ टक्के झालं," म्हणतात. म्हणजे भाकरी खाऊन झाली, भात बाकी आहे. मेथी कधी काढणार, तर "तीस टक्के वाढली, दम धर." नळाला पाणी आलं का, तर "दहा टक्के." मागे गल्लीतला एक म्हातारा फार आजारी होता. त्याला भेटून काका बाहेर आले आणि त्याच्याच सुनेला म्हणाले, "पंच्याण्णव टक्के झालं वो बाई." ती बिचारी रडायची थांबून त्यांच्याकडे बघतच राहिली.

मावल्यात, म्हणजे तेलंगणातल्या आदिलाबादजवळच्या आमच्या गावात, त्यांना सगळे टक्केकाका म्हणतात. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे. पहाटे मेथी, कोथिंबीर, वांगी घेऊन ते आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, जातात आणि ऊन चढायच्या आत परत येतात. मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते, दारात शिलाई मशीन टाकून ब्लाउज शिवते. माझं माहेर पांढरकवड्याकडचं, सीमेच्या पलीकडचं. स्वभावाने मी उतावळी. शिवायला आलेल्या बाईने हकिगत अर्धी सोडली तर तिचा ब्लाउजही अर्धाच ठेवावा असं मला वाटतं. अशा बाईला देवाने शेजारी दिला तो हा.

टक्क्यांचं हे खूळ काकांच्या डोक्यात एका यंत्राने घातलं. त्यांचे डोळे अधू झाले, छापील अक्षर दिसेना, तेव्हा हैदराबादला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, वनिताने, ते पाठवलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शाळेतल्या पाटीपेक्षा लहान, काळ्या चौकटीचं, वजनाला हलकं. मोबाइलसारखं चमकत नाही. कागदावर छापल्यासारखी अक्षरं दिसतात, उन्हात बसूनही वाचता येतं. आत शेकडो पुस्तकं मावतात. बोट लावलं की पान उलटतं, आणि खाली कोपऱ्यात पुस्तक किती टक्के वाचून झालं ते दिसतं. तेच पुस्तक मोबाइलवरही उघडता येतं, आणि दोन्ही एकाच खात्यावर असली तर एकावर कुठवर वाचलं ते दुसऱ्याला कळतं. ही शेवटची गोष्ट मला फार उशिरा समजली. ती समजली नसती तर काकांना मी अजूनही नुसतं विक्षिप्तच म्हटलं असतं.

आदिलाबादला तेलुगू पुस्तकं मिळतात, परीक्षांची गाइडं मिळतात. मराठी कादंबरी हवी तर कोणी यवतमाळला किंवा नांदेडला निघालंय का ते बघावं लागतं. त्यामुळे घरबसल्या मराठी पुस्तकं देणारं हे यंत्र काकांना देवासारखं वाटलं, आणि त्यांनी ते देवासारखंच वागवलं. मूळचे ते वांकिडीकडचे. तिथे गावात पोथी लागली की वाचायला हेच बसायचे. तेव्हा यंत्राला पोथीसारखं लाल खणाचं बासन हवं म्हणाले. मी शिवून दिलं. आंघोळीशिवाय त्याला हात नाही. दसऱ्याला त्यांनी त्याची पूजा केली आणि चार्जरची वायर जिथे जाते तिथेच हळदकुंकू भरलं, कारण यंत्राचं तोंड तेच. दुसऱ्या दिवसापासून ते चार्ज होईना. आदिलाबादच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने सुईने ते कुंकू उकरून काढलं.

"अंकल, ये क्या डाला?"

"कुंकू."

"क्यूं?"

"दसरा था," काका म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना.

डोळ्यांसाठी त्यांनी अक्षरं एवढी मोठी करून घेतली की एका पानावर चार शब्द मावायचे. पुस्तक होतं एका सर्कशीतल्या खुनाचं. सर्कशीच्या मालकाला दुधातून विष कोणी दिलं, विदूषकाने, झोक्यावरच्या मुलीने की हत्तीच्या माहुताने, अशी ती कथा. "मालकाने दुधाचा पेला" एवढ्यावर पान संपायचं. उचलला की सांडला हे पुढच्या पानावर. आणि पुढचं पान लगेच यायचं नाही, कारण पोथीची त्यांची जुनी रीत. ऐकणाऱ्याने "हूं" म्हटल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढे जायचं नाही. हूं आला म्हणजे ऐकणारा जागा आहे, सोबत आहे.

तो हूं गयाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. काका ओट्यावर मांडी घालून बसायचे आणि काकू त्यांच्या खांद्यामागे पाटावर, मांडीवर सुपात वालाच्या शेंगा घेऊन. चार शब्द, हूं. चार शब्द, हूं. काकू निर्मल गावच्या. घरी मराठी बोलणाऱ्या, पण शाळा तेलुगू. तेलुगू वर्तमानपत्र त्या घडाघडा वाचायच्या, मराठी मात्र बोलायची आणि ऐकायची भाषा. आमच्याकडे अशा बायका घरोघरी आहेत. मी मशीनवरून बघायची तर काकूंची नजर सुपात कमी आणि काकांच्या खांद्यावरून पुढेच जास्त असायची, ओठ हलत असायचे. मला वाटायचं, जप चालला असेल.

पुस्तक सत्तर टक्क्यांवर आलं आणि काकूंचं दुखणं निघालं. वनिता त्यांना हैदराबादच्या दवाखान्यात घेऊन गेली. आठवड्याभरात परत येणार होत्या. मळ्याला पाणी द्यायला कोणी नव्हतं म्हणून काका मागे राहिले. "तू ये, मंग पुढचं वाचू," असं त्यांनी रिक्षात बसलेल्या काकूंना सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. काकू परत आल्या नाहीत. या गोष्टीला दोन वर्षं होतील. त्या ओट्याकडे बघून मला अजून चुकल्यासारखं होतं.

तेरवी झाली आणि काकांनी पुन्हा बासन सोडलं. पण पुढचं वाचायला घेतलं नाही, पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलं. आता ते एकटे, म्हणून आम्ही चारसहा शेजारी सकाळी ओट्यावर बसू लागलो. हूं म्हणायचं काम कधी माझ्याकडे, कधी समोरच्या नागोरावांकडे. सुरुवातीला दया म्हणून बसलो, पण विदूषकाच्या खोलीत विषाची पुडी सापडली आणि दया मागे पडली. मी शिलाई थांबवून ऐकायची. एका सकाळी पुस्तक सत्तर टक्क्यांवर पोचलं. माहूत पोलिसांना म्हणाला, "मी सगळं सांगतो." काकांनी यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही घाईघाईने चहा पिऊन जमलो, तर काका आतून आले आणि वाचू लागले, "सर्कशीचा तंबू गावाबाहेर..." पहिलं पान!

"काका, हे झालं की वाचून!" मी म्हणाले.

"झालं तर झालं. चांगलं हाये."

असं पुन्हा पुन्हा झालं. सत्तर टक्के आले की परत तंबू गावाबाहेर. नागोराव चिडून म्हणायचे, "मारोतराव, समाप्ती करा ना एकदाची. पोथी अर्धी ठेवत असते काय कोणी? शिरा मी देतो, बापा."

"सत्तर टक्के लय झालं," काका म्हणायचे आणि यंत्र बासनात बांधायचे.

आणखी एक तऱ्हा होती. यंत्र ते कधीच आमच्यासमोर उघडायचे नाहीत. आतल्या खोलीत जायचे, दार लोटायचे, थोड्या वेळाने उघडलेलं यंत्र घेऊन बाहेर यायचे. आम्ही समजायचो, देवापुढे ठेवत असतील. माझ्या मनात कितीदा आलं की ते मळ्यात गेले असताना आत शिरावं आणि तो खुनी कोण ते बघून यावं. कुलूप होतं म्हणून अब्रू राहिली.

यंदाच्या हिवाळ्यात काकांनी बाजारात मेथीच्या जुड्यांमध्ये गवत बांधून विकलं. मुद्दाम नव्हे, दिसलंच नाही. गिऱ्हाइकांनी जुड्या आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. ते एवढे ओशाळले की मोतीबिंदू काढायला कबूल झाले. वनिता आली, मीही सोबत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कितना दिखता है?" काका म्हणाले, "चालीस टक्का, सर." डॉक्टर खूश झाले, असा नेमका पेशंट त्यांना मिळाला नसावा.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाचायची मनाई. वनिताची रजा संपली, ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका भिंत धरत माझ्या दारात आले.

"सूनबाई, वाचशील काय? तुले येते आपली लिपी."

"वाचते ना. पण चार रोज नाही वाचलं तर काय बिघडते, काका?"

"बिघडते," ते म्हणाले.

मला ते आतल्या खोलीत घेऊन गेले. भिंतीवर काकूंचा फोटो, खाली कोनाड्यात बासन. काकांनी गाठ सोडून यंत्र माझ्या हातात दिलं. "उघड. ते एक गोष्ट विचारन. त्याले नोको म्हण. आन् मंग भाईर चाल."

मी खाली बसून पुस्तक उघडलं. मधोमध एक चौकट आली, इंग्रजीत. माझं इंग्रजी बेताचंच, पण एवढं कळलं: दुसऱ्या यंत्रावर तुम्ही यापुढे वाचलं आहे, तिथे जायचं का? खाली हो आणि नाही. माझ्या अंगात एकदम उत्साह शिरला.

"काका, हे तर पुढं नेऊन राह्यलं! हो म्हटलं की सत्तरच्या पुढं जातो आपण!" माझं बोट 'हो'वर टेकायलाच आलं होतं.

"हात काढ!"

काका माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी यंत्र मांडीवर ठेवलं. ते चाचपडत खाटेवर बसले. बाहेर ओट्यावर नागोराव खोकत होते.

"पुढं कोण वाचलं, ठाव हाये तुले?" काका म्हणाले. "गया."

"काकू? पण काकूले तर आपली अक्षरं—"

"मले बी तेच वाटे. तेरवी झाली, यंत्र उघडलं, तर हे आलं. मले वाटलं बिघडलं. वनीले फोन केला. तिनं वाचाले लावलं, एक एक अक्षर सांगितलं मी तिले. मंग म्हणे, बाबा, आई दवाखान्यात दिवसभर माह्या फोन घेऊन बसे, त्यातबी हेच पुस्तक हाये. मले वाटलं फोटो पाहून राह्यली."

मला एकदम ते हलणारे ओठ आठवले.

"माह्या मांगं बसून शिकली ती," काका म्हणाले. "हे मोठाले अक्षर. चार शब्दाचं पान. मी वाचो अन् ती पाहे. इतके दिस शिकली, मले पत्ता नाई."

"पण सांगितलं काऊन नाही तिनं?"

काका हसले. पट्टीखालून गालावर पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "सांगितलं असतं तर मी वाचून दाखवलं असतं काय तिले? म्हटलं असतं, घे, वाच तुई तू."

दवाखान्याच्या खाटेवर, हात सुयांनी टोचलेले, आणि काकू मुलीच्या फोनवर अक्षर अक्षर लावत एकट्याच सर्कशीत पुढे जात होत्या. हूं म्हणायला कोणी नव्हतं. माहुताने काय सांगितलं ते तरी त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

"वनी म्हणे, एकदा हो म्हणा बाबा, मंग ते विचारणार नाई. मीबी तिच्यापुढं गेलो वाचत, तरी विचारणार नाई. म्हणून जात नाई मी." काकांनी फोटोच्या दिशेने मान वळवली, पट्टीमुळे अंदाज चुकला, ते कोनाड्याकडे बघत राहिले. "रोज सकाळी ते मले सांगते, गया पुढं हाये. या घरात दुसरं कोण तिचं नाव काढते आता?"

चौकटीत तिच्या जागेचा आकडाही होता. मी सांगितला नाही, त्यांनी विचारला नाही.

"विचारून राह्यलं काय अजून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग नोको म्हण."

मी 'नाही'वर बोट टेकवलं. चौकट गेली, पान आलं. आम्ही बाहेर आलो. काकांच्या जागेवर मी बसले, नागोराव आणि बाकीचे समोर. मी वाचलं, "सर्कशीचा तंबू गावाबाहेर" आणि पान संपलं. शेवटपर्यंत पोचायची माझी घाई कुठे गेली होती कोणास ठाऊक. मी बोट तसंच धरून थांबले. नागोरावांनी हूं म्हणायला तोंड उघडलं, पण ते माझ्या खांद्यामागे बघून गप्प झाले.

मागे काकूंचा पाट सरकल्याचा आवाज आला. काका त्यावर टेकले.

"हूं," ते म्हणाले.