ऐकताय ना?

वासुदेवराव जगतापांनी सकाळपासून अकराव्यांदा बायकोचा व्हिडिओ लावला. श्यामलाबाईंनी अकराव्यांदा पडद्यावर नुसतं तोंड हलवलं. दोन वाक्यांपुरतं ते बघून वासुदेवरावांनी व्हिडिओ बंद केला आणि संगणकाच्या डोक्यावर एक चापट मारली. काही फरक पडला नाही.

श्यामलाबाई लेकीच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेल्या, त्याला सहा महिने होत आले होते. निघताना विमानतळावर वासुदेवराव मोठ्या ऐटीत म्हणाले होते, "मला काय धाड भरलीय? आरामात राहीन." आणि घरी येऊन त्याच संध्याकाळी त्यांनी सवयीनं दोन कप चहा केला. एक प्यायला आणि दुसऱ्याकडे बघत बसले. तेव्हापासून या माणसाला बेंगळुरातल्या महादेवपुऱ्याच्या त्या चार खोल्यांत करमतच नव्हतं. पण कबूल कोण करणार? रविवारी फोन यायचा, तर तिकडे लेक संयोगिता, जावई, विहीणबाई सगळे कान टवकारून बसलेले. "बरं आहे ना?" "बरं आहे." संपलं बोलणं!

म्हणूनच असेल, काल ईमेलवर हा व्हिडिओ आला. त्यात श्यामलाबाई एकट्याच होत्या. कॅमेरा इतका जवळ धरलेला की अर्धं कपाळ कापलं गेलं होतं. त्या बरंच काही बोलल्या, मध्येच पदरानं डोळे टिपले आणि सहा बोटं दाखवली. आवाजाचा मात्र पत्ता नव्हता.

आता कुणीही शहाण्या माणसानं सरळ उलट कळवलं असतं की आवाज येत नाहीये. पण वासुदेवरावांची पंचाईत अशी, की चाळीस वर्षं या बाईची नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती, "तुम्ही माझं ऐकतच नाही." आता काय आपल्या हातानं तिला पुरावा द्यायचा? शिवाय जन्म लेथ मशीनवर काढलेल्या माणसानं एका डबड्यापुढे हार मानायची? त्यांनी झटकन एका शब्दाचं उत्तर पाठवून दिलं, "सरी."

सरी म्हणजे ठीक. कित्येक पिढ्या बेंगळुरात काढलेल्या त्यांच्या घरात निम्मा संसार या कानडी शब्दावर चालायचा. पण आज सकाळी श्यामलाबाईंचं उत्तर आलं, "बरं. मग तिकिटाचं आजच करून टाकते."

वासुदेवरावांनी ते दोनदा वाचलं. कसलं तिकीट? आधी ठरल्याप्रमाणे शुक्रवारी यायचं, की पुढे ढकलायचं? ती सहा बोटं म्हणजे आणखी सहा महिने तर नव्हेत? आणि आपण सरी म्हणून मोकळे झालो!

त्यांनी शुभंकरला फोन लावला. शुभंकर म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. तीन महिन्यांपूर्वी तो पुण्याहून बायको रक्षितासह इथं राहायला आला आणि आठवड्याभरात त्यानं काकांच्या जुन्या संगणकात लिनक्स घालून दिलं. "एकदम स्मूथ चालेल काका, व्हायरसचं टेन्शनच नाही," असं तेव्हा सांगितलं होतं. आवाजाचं बोलायचं राहून गेलं होतं. आत्ता तो बेळ्ळंदूरच्या ऑफिसला निघाला होता आणि रिंग रोडवर एक बस आणि एक टँकर यांच्या मध्ये अडकला होता. त्याला वेळच वेळ होता.

"काका, व्हॉल्यूम फुल आहे ना?"

"शंभर टक्के."

"दीडशे करा."

"शंभराच्या वर टक्के असतात?"

"लिनक्समध्ये असतात. आता प्ले करा."

वासुदेवरावांनी केलं. खाली सगळं चिडीचूप. वर मात्र काहीतरी दणकन पडलं.

"नाही? मग टर्मिनल उघडा. ती काळी खिडकी. टाइप करा, सुडो."

"सुडु?" वासुदेवराव दचकले. कानडीत सुडु म्हणजे जाळ. "काय जाळायचंय रे?"

"जाळायचं नाहीये हो! एस, यू, डी, ओ. पुढे किलऑल."

"अय्यो! आधी जाळायचं, मग सगळ्यांना मारायचं? मला बायकोचा आवाज आणायचाय बाबा, सूड नाही उगवायचाय."

"काका, प्लीज. आता पासवर्ड टाका."

"टाकतोय, पण काही उमटतच नाही."

"उमटत नसतंच. तुम्ही टाकत राहा."

"म्हणजे दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी विश्वास ठेवायचा," वासुदेवराव पुटपुटले. "हे संगणकाचं नाही, देवाचं काम दिसतंय."

पासवर्ड लागला. व्हिडिओ पुन्हा लावला. श्यामलाबाई पुन्हा मुक्याच. तेवढ्यात शुभंकर म्हणाला, "काका, एक मिनिट, रक्षिताचा कॉल येतोय." परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

"काका, आमच्याकडे वर कुणी बाई आलीये का?"

"नाही रे. का?"

"रक्षिता म्हणतेय, घरात कुणीतरी बाई मला 'अहो' म्हणून हाका मारतेय. काका, मी इथं टँकरच्या मागे आहे! मला कोण अहो म्हणणार? रक्षितासुद्धा म्हणत नाही!"

"स्वल्प थांब रे, आधी माझं बघ. संध्याकाळपर्यंत तिकिटाचं होऊन जाईल."

घाबरलेल्या शुभंकरनं मग घाईघाईत आणखी दोन ओळी टाइप करायला लावल्या. बरीच इंग्रजी अक्षरं सरसर वर गेली. वासुदेवरावांनी मोठ्या आशेनं बटण दाबलं.

"शुभंकर, माझी बायको हिरवी झाली रे!"

"हिरवी? अरे यार. रीस्टार्ट करा."

रीस्टार्ट करून व्हिडिओ लावल्यावर ती हिरवीसुद्धा राहिली नाही. व्हिडिओची चौकट काळी ठिक्कर. वासुदेवराव खुर्चीत मागे टेकले आणि त्यांना एकदम भरून आलं. निदान चेहरा तरी दिसत होता. कपाळ अर्धं असेना, होती तर समोर! आवाज आणायला गेलो आणि तिला पुरतीच घालवून बसलो.

तेवढ्यात उघड्या दारावर धाडधाड थापा पडल्या. दारात रक्षिता उभी होती. ही मूळची नागपूरची. डोळे लाल झालेले आणि हातात गोल काळा स्पीकर.

"काका, आता तुम्हीच सांगा! लग्नाला दोन वर्षं नाही झाली, अन् या डब्ब्यातून दुसरीच बाई बोलून राहिली! मी सकाळी गाणी ऐकायला चालू केला, तवापासून तेच ते. 'अहो, ऐकताय ना? मला तुमच्याशिवाय करमत नाही.' एवढं बोलते अन् बंद! पुन्हा तेच, पुन्हा बंद! एकदा तर इतक्या जोरानं ओरडली, माझ्या हातातलं ताट पडलं!"

वासुदेवरावांचा हात माऊसवर तसाच राहिला.

"कुणाशिवाय करमत नाही म्हणाली?"

"तुमच्याशिवाय! म्हणजे शुभंकरशिवाय!"

"मुली," वासुदेवराव म्हणाले, "तो डबा तसाच धर. हलू नकोस."

त्यांनी बटण दाबलं. चौकट काळीच राहिली. पण रक्षिताच्या हातातून श्यामलाबाई खणखणीत बोलायला लागल्या.

"अहो, ऐकताय ना? मला तुमच्याशिवाय करमत नाही. फोनवर सगळ्यांपुढं बोलायला लाज वाटते. संयोगिता म्हणते, आणखी सहा महिने राहा. मी म्हटलं, ह्यांना विचारते. तुम्ही नुसतं एकदा 'नको' म्हणा, मी शुक्रवारी निघते बघा. आणि सरी म्हणालात, तर मी समजेन, तुमचं माझ्यावाचून बरं चाललंय."

मग मोबाइलमधून शुभंकर ओरडला, "काका! तो स्पीकर! टेस्टिंगला मीच ब्लूटूथवर तुमच्या संगणकाला जोडला होता! आवाज फक्त त्यातूनच यायचं सेटिंग काढायचं राहिलं! चालू केला की आपोआप तिकडेच चिकटतो!"

"तू घरी ये फक्त," रक्षिता म्हणाली.

वासुदेवरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. सरी म्हणालो. जे एक म्हणायचं नव्हतं, नेमकं तेच म्हणालो! कीबोर्ड पुढे ओढून ते एका बोटानं 'नको'मधला न शोधायला लागले, तोच दुसरा फोन वाजू लागला. मेलबर्नचा. त्यांनी शुभंकरला टँकरच्या मागे सोडून दिलं.

"अहो, तिकीट ढकललं नाही हं मी," श्यामलाबाई म्हणाल्या. "शुक्रवारचंच पक्कं केलंय."

"पण मी तर सरी म्हणालो!"

"म्हणूनच तर कळलं, तुम्ही काही ऐकलेलं नाही. ऐकलं असतंत, तर असं झटक्यात सरी आलं असतं होय? चाळीस वर्षं ओळखते तुम्हाला."

वासुदेवरावांच्या ओठांवर सवयीनं सरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"सहा महिने नको गं," ते म्हणाले. "शुक्रवारसुद्धा लांब आहे. घर खायला उठतंय मला. रोज चहा जास्तीचा होतो. मला तुझ्याशिवाय काही सुचत नाही."

पलीकडून काहीच ऐकू येईना. वासुदेवराव घाबरले.

"हॅलो? हॅलो? इथलापण आवाज गेला वाटतं! थांब, शुभंकरला विचारतो..."

"आवाज नाही गेला," श्यामलाबाई रडत रडत म्हणाल्या. "मी ऐकतेय. तुम्ही बोला ना."

आणि समोर रक्षिता स्पीकर धरून उभी आहे हे साफ विसरून वासुदेवराव बोलत सुटले.