बगळीच्या पोटातलं तळं

"पाण्याशी भांडू नका, डॉक्टर. ते गाडीत शिरणारच. त्याची जायची वाट तेवढी मोकळी ठेवा."

किल्ली हातावर ठेवताना सासरे हे म्हणाले, त्याला बरेच पावसाळे लोटले. तरी दातांच्या डॉक्टरांच्या कानात तो आवाज अजून ताजा होता. सासरे निवृत्त शाळा-तपासनीस. शेकडो शाळा पाहिल्या, पण त्यांची स्तुती 'ठीक'च्या उंबऱ्याबाहेर कधी पडली नाही. अशा माणसानं आपली जुनी लाडकी गाडी पोटच्या मुलाला न देता जावयाकडे सांभाळायला दिली, तेव्हा डॉक्टरांना वाटलं, चला, आपल्यावर कुणाचा तरी विश्वास बसला. गाडी पांढरीशुभ्र, लांब नाकाची, सडसडीत चाकांची. घरात सगळे तिला बगळी म्हणत.

डॉक्टरांनी बगळीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकली की पाण्याची वाट तुंबते, हे त्यांना ठाऊक होतं. दातांच्या फटी टोकरायची बाकदार सळई घेऊन ते रोज सकाळी जाळीपाशी वाकायचे. पान नाही, काडी नाही, कोळ्याचा तंतू नाही.

"माझ्याकडे कधी इतकं वाकून बघितलंत का?" बायको विचारायची.

"तुला कुठं गंज चढतो?" डॉक्टर म्हणायचे, आणि हे उत्तर चांगलं झालं की वाईट, या काळजीत दिवसभर राहायचे.

पण दंतवैद्याला भोक बघवत नाही. एका रविवारी बगळीच्या चारी दारांच्या खालच्या कडेला त्यांना बारीक बारीक भोकं दिसली आणि काळजात चर्र झालं. कीड! त्यांनी दवाखान्यातून दात भरायचं सिमेंट आणलं. जमिनीवर आडवे पडून एकेक भोक कोरलं, वाळवलं, भरलं, घासलं आणि वर पांढरा रंग दिला. असं देखणं काम त्यांच्या हातून कुणाच्या दाढेतही झालं नव्हतं.

मग तो दिवस उजाडला. मेहुण्यानं गाडीसाठी पक्कं गॅरेज बांधलं होतं. बगळी जावयाकडे राहू द्यायची की तिकडे न्यायची, ते सासरे आज चक्कर मारून ठरवणार होते. डॉक्टरांनी पहाटेच पाइप लावून गाडीला मनसोक्त न्हाऊ घातलं, पुसलं, आणि दार लावलं.

'डुबुक.'

दार उघडलं. 'डुबुक.' दुसरं उघडलं. तेही 'डुबुक.' पेशंटची दाढ वाजवावी तसं डॉक्टरांनी दार टिचकीनं वाजवलं. आवाज भरीव, ओला. आणि मग लख्ख उजेड पडला. खिडकीच्या फटीतून पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळच्या भोकांतून निघून जातं. ती कीड नव्हती हो. त्या मोऱ्या होत्या!

डॉक्टर सळई घेऊन गाडीखाली घुसले. पण आपलं सिमेंट कुणाच्याही दातातून पडत नाही, ही त्यांची फुशारकी आज त्यांच्यावरच उलटली. सळईचं टोक मोडलं, सिमेंट हललं नाही.

"डॉक्टर, खाली काय करताय?" डोक्याशी सासऱ्यांचे बूट.

"काही नाही मामा, जरा पाठ टेकली."

सासरे स्वतः चालवायला बसले. शेजारी डॉक्टर, मागे सासूबाई आणि बायको. पहिल्या वळणावर बगळीच्या पोटातलं तळं डावीकडून हिंदकळलं.

"अहो, हे कसलं—" बायको म्हणाली. डॉक्टर मोठ्यानं खोकले. आणि आश्चर्य म्हणजे, सासरेही खोकले.

दुसऱ्या वळणाला डॉक्टर हवेबद्दल बोलले, तिसऱ्याला रस्त्यांबद्दल, चौथ्याला हिरड्यांबद्दल. सासऱ्यांच्या कपाळावर घाम जमत होता.

"डॉक्टर, तुम्हाला काही ऐकू येतंय?"

"मला? छे! कणभर नाही."

"कणभर नाही?" सासऱ्यांचा चेहरा आणखी उतरला. "आणि तुला गं?"

"मला काय ऐकू येणार?" सासूबाई घाईनं म्हणाल्या.

सासऱ्यांनी गाडी झाडाखाली घेतली, बंद केली.

"बरेच दिवस कान वाजतात माझे. कुणाला बोललो नाही. आज मात्र डोक्यातच पाणी हिंदकळतंय. वळलं की इकडून तिकडे जातं. आता मी स्टिअरिंगला हात लावणं बरं नाही. गॅरेजचं राहू दे. बगळी कायमची तुमची, डॉक्टर. तुमच्याइतकं तिला कुणी जपणार नाही."

हवं ते आपसूक पदरात पडलं होतं. फक्त तोंड बंद ठेवायचं. पण ज्याचा जन्म दुसऱ्यांना 'तोंड उघडा' सांगण्यात गेला, त्याला ते जमावं कसं? डॉक्टरांनी स्टिअरिंगवरून खाली उतरलेले ते हात पाहिले.

"मामा, पाणी डोक्यात नाही. दारात आहे. सगळ्या दारांत. मी भोकं बुजवली. कीड समजून."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई! दारात होय? मी मेली मघापासून पोट दाबून बसलेय!"

सासरे उतरले. दार उघडलं, लावलं. 'डुबुक.' पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. दर डुबुकीला त्यांच्या तोंडावरची एकेक सुरकुती सैल होत गेली. मग ते ओणवे झाले. बुजवलेल्या भोकावर नख लावलं, किल्ली लावली, शेवटी बुटाची टाच मारली.

"निघत नाही का हो हे?"

"नाही मामा. सकाळपासून झटतोय."

"गाडी मात्र मुलाकडे जाणार," सासरे गुडघे झटकत म्हणाले.

"हो मामा," डॉक्टर म्हणाले.

सासऱ्यांनी एकदा मागच्या सीटकडे पाहिलं आणि डॉक्टरांना दंडाला धरून झाडामागे नेलं. आवाज अगदी खाली आणला.

"इतकी वर्षं मी दात दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवतो. चोरून. गाडी दिली, पण तोंड द्यायचा धीर होत नव्हता." मग त्यांनी आ वासला आणि बोट आत घालून दाखवलं. "ही. मागची. त्याचं सिमेंट सारखं पडतं."