पुठ्ठ्यामागची ओळ

हिमोग्लोबिन आठ पॉइंट तीन. दोन महिन्यांपूर्वी आठ पॉइंट एक होतं. रंगरावांनी लॅबचा कागद टेबलावर आपटला आणि बायकोकडे असं पाहिलं, जणू रक्त तिनेच कुठेतरी दडवून ठेवलंय.

मुक्ताईंच्या गर्भाशयात गाठ होती. रक्त जाऊन जाऊन येरवड्यातल्या आपल्याच घराचा जिना चढताना त्यांना दोनदा बसावं लागे. हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टर नम्रतांनी बजावलं होतं. तारीख आधीच एकदा पुढे गेली होती.

रंगराव जन्मभर सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळलेला माणूस. औषधाची चिठ्ठी आणली त्याच दिवशी त्यांनी ती डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवली, वर प्लॅस्टिक चढवलं आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. मागेही काहीतरी लिहिलंय, असं मुक्ताई म्हणाल्या होत्या. महत्त्वाचं ते पुढेच लिहितात, असं सांगून त्यांनी बायकोला गप्प केलं होतं.

रोज सकाळी सहाला चहा तेच करत. घरातलं त्यांचं तेवढं एकच काम, आणि ते प्रत्येक पाहुण्याला सांगून झालेलं. हल्ली बशीत लोहाची गोळीही असे. ती गिळून होईपर्यंत ते समोर उभे राहत. एक दिवस चुकला नव्हता. म्हणजे चूक दुसऱ्या कुणाची तरी.

आधी केमिस्टला बनावट गोळ्या विकतो म्हणून झापलं. त्याने शांतपणे गोळ्यांचं बिल पुढे केलं. मग लॅबचं मशीन बिघडल्याचं जाहीर केलं. तिथल्या मुलीने त्यांचंच रक्त काढून तपासलं. चौदा पॉइंट दोन निघालं, तसे ते आणखीनच भडकले. घरी येऊन त्यांनी निकाल दिला, "तू गोळ्या थुंकतेस."

दोन महिने बीट आणि खजूर खाऊन विटलेल्या मुक्ताईंनी खिळ्यावरचा पुठ्ठा काढला आणि चप्पल घातली.

दवाखान्यात रंगरावांनी उपचारांवरच तोफ डागली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर. मी स्वतः करून देतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग पुठ्ठा घेतला, प्लॅस्टिक कापलं आणि चिठ्ठी सोलून काढली. मागच्या ओळीचा अर्धा भाग पुठ्ठ्याला चिकटून राहिला, तरी ओळ वाचता आली. गोळी चहा-कॉफीबरोबर अजिबात नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहामुळे लोह अंगी लागत नाही, त्या म्हणाल्या, आणि ऑपरेशन आणखी दीड महिना पुढे ढकललं.

परतताना रिक्षात रंगराव म्हणाले की असल्या सूचना पुढच्या बाजूलाच लिहायला हव्यात.

"अहो," मुक्ताई म्हणाल्या, "सकाळी सहाला मला चहा नकोच असतो. बत्तीस वर्षं पितेय. तुम्ही चिडाल म्हणून."

रिक्षावाल्याने आरसा नीट केला.

"आणि मी जिन्यात बसायचे, तेव्हा तुम्ही वरून ओरडायचात, किती वेळ म्हणून. मला राग येत होता. आजही आलाय."

रंगरावांनी पुठ्ठ्याला चिकटून राहिलेली अर्धी ओळ पुन्हा वाचली.

दुसऱ्या दिवशी सहाला ते पेल्यात लिंबू पिळून दारात उभे राहिले.

"साखर किती घालू?"

"मीठ घाला," मुक्ताई पडल्या पडल्याच म्हणाल्या.

ते आत गेले. डबे उघडल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. मीठ कुठे असतं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मुक्ताईंनी सांगितलं नाही.